पहिल्या ट्रेमधलं बिस्कीट

५ फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. पाकिटावरचं माझं अक्षर बघून ते न फोडताच बाजूला ठेवशील, हेही मला माहीत आहे. म्हणून वहिनीच्या नावाने पाठवते आहे. वहिनी, आधी तू वाच आणि मग त्याच्या पुढ्यात ठेव. जेवण झाल्यावर ठेव, आधी नको.

अप्पांना काल दुपारी ठसका लागला. साधासुधा नाही, तोंड काळंनिळं पडेपर्यंत. आता ते दवाखान्यात आहेत, नाकाला ऑक्सिजनची नळी आहे. डॉक्टर म्हणाले, खाल्लेलं श्वासनलिकेत गेलंय, आता छातीत संसर्ग होऊ नये एवढंच बघायचं. "होऊ नये" म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

कसं झालं ते नीट सांगते, नाहीतर तू तुझ्या मनाने काहीतरी ठरवून मोकळा होशील. ठरवण्यात तू पहिल्यापासून पटाईत. दोन वर्षांपूर्वी मी अप्पांना वृद्धाश्रमात ठेवलं तेव्हा "अडगळ झाली का तुला त्यांची?" असं म्हणून तू फोन ठेवलास, तो ठेवलासच. अर्धं अंग गेलेल्या, बोलणं गेलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची आणि शिवाय बेकरीही चालवायची, हे एकटीने कसं जमतं, ते काही तू विचारलं नाहीस. असो. भांडायला लिहीत नाहीये.

तर नोव्हेंबरात गल्लीच्या टोकाच्या शाळेतून एक बाई आल्या. सहावीच्या मुलांना समाजसेवेचा तास असतो. मागच्या वर्षी मुलांनी मैदानातला कचरा उचलला, तो चौथ्या दिवशी होता तिथे परत आला. म्हणून या वर्षी बाईंच्या डोक्यात आलं की मुलांनी स्वतःच्या हाताने बिस्किटं आणि केक करावेत आणि आश्रमातल्या आजी-आजोबांना नेऊन द्यावेत. बुधवारी दुपारी माझी भट्टी रिकामी असते. आठ पोरं भट्टीपाशी म्हणजे जिवाला घोर, म्हणून मी आधी नाहीच म्हणणार होते. पण आश्रमाचं नाव काढलं आणि मी हो म्हणून बसले.

पहिल्या दिवशी एकाने अंडं फोडलं ते थेट स्वतःच्या बुटात. एकाला आम्ही भोंगा म्हणतो, तो लोणी-साखर फेटतानाही ओरडतो. आणि एक मुलगी आहे, तिचं नाव सगळ्यांनी मोजपट्टी पाडलंय. कंपासमधली पट्टी घेऊन येते आणि मैद्याचा कप त्या पट्टीने सपाट करते. मी म्हटलं, "अगं, चिमूटभर इकडेतिकडे झालं तर भट्टी रागवत नाही." तर म्हणते, "मावशी, चिमूट कोणाची? तुमची की माझी?" आता बोल!

आश्रमात ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्या उशाशी पिवळी चिठ्ठी लावलेली असते. त्यांना कोरडं काही द्यायचं नाही, सगळं दुधात भिजवून कुस्करून. अप्पांच्या उशाशी आहे ती. म्हणून मुलं दोन प्रकार करतात, बाकीच्यांना बिस्किटं आणि पिवळ्या चिठ्ठीवाल्यांना मऊ केक. केकच्या पिशवीवर पिवळा ठिपका काढायचा, ही त्या मोजपट्टीचीच कल्पना.

अप्पांची सवय तुला आठवते ना? पहिल्या ट्रेमधलं एक बिस्कीट ते कानाशी नेऊन मोडायचे, आवाज ऐकायचे, अर्धं खायचे आणि मग म्हणायचे, "जाऊ दे." ते म्हणाल्याशिवाय ट्रे दुकानात जायचा नाही. मी ते आश्रमातही चालू ठेवलं होतं. खाणं नाही, फक्त मोडणं. मी त्यांच्या चांगल्या हातात बिस्कीट द्यायची, ते कानाशी नेऊन कट्कन मोडायचे, मान हलवायचे, आणि मी दोन्ही तुकडे काढून घ्यायची. मुलं टाळ्या वाजवायची. मोठ्या सिस्टरांनाही ठाऊक होतं.

काल अप्पांनी ते मोडलं. मी पलीकडच्या आजींना पिशवी देत होते, पाठ होती माझी. वळून बघते तर मोजपट्टीने बिस्कीट त्यांना भरवलेलं. लहान मुलगी, हौसेने भरवलं असणार. तिला बोल लावायचा नाही.

दादा, ये. त्यांना कळतंय सगळं. दारात कोणी आलं की डोळे तिकडे फिरतात.

तुझी चिमी

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

तुझं पत्र आलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय. तू लिहिलंस, "तुझी काय चूक, चिमे. इतक्या पोरांवर तू एकटी किती लक्ष ठेवणार?" हे मी भट्टीसमोर उभं राहून तीनदा वाचलं, आणि तेवढ्यात पावांचा एक आख्खा ट्रे करपला. अप्पा पहिल्यासारखे बेकरीत असते तर दोन दिवस बोलले नसते माझ्याशी.

पण त्याच टपालाने तू आणखी दोन पत्रं धाडलीस, एक आश्रमाला आणि एक शाळेला. मला एका शब्दाने विचारायचं तरी होतंस. शाळेच्या पत्रात तू लिहिलंयस की एका विद्यार्थिनीने माझ्या वडिलांना कोरडं बिस्कीट भरवलं, त्याला जबाबदार कोण. मोजपट्टी हा शब्दही घातलायस. तो मी तुला गंमत म्हणून सांगितला होता रे.

शाळेने समाजसेवेचा तास बंद केला. शुक्रवारी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. खोलीत ते होते, बाई होत्या, आणि ती मुलगी दप्तर मांडीवर घट्ट धरून बसली होती. मुख्याध्यापक म्हणाले, "ही म्हणते, बिस्कीट तुम्ही दिलंत. तुम्हीच सांगा बाई, आता काय समजायचं आम्ही?"

भलतंच काहीतरी. मी म्हटलं, "लहान आहे हो, घाबरली असेल. तिला रागावू नका."

सगळ्यांना ते पटलं. मुख्याध्यापक तर म्हणाले, तुमचं मन मोठं आहे. बाई मुलीकडे बघत होत्या. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मैद्यात अंदाज चुकला की ती अशी बघायची, पुन्हा पहिल्यापासून मोजत असल्यासारखी.

मोठ्या सिस्टरांनी त्या दिवशी धावत येऊन मला विचारलं होतं, "काय दिलं, काय दिलं?" तेव्हाही मी एवढंच म्हणाले होते, "बिस्कीट... मुलांनी केलेलं..." बाकीचं त्यांचं त्यांनी लावून घेतलं. तेच आश्रमाच्या वहीत लिहिलंय. तेव्हा तू उगाच मला पुन्हा पुन्हा तपशील विचारू नकोस. वहीत आहे सगळं.

अप्पांना ताप आहे. उजव्या फुप्फुसात पाणी झालंय. आता नळीने अन्न देतात. तू कधी निघतोयस ते लिहिलं नाहीस. साहेबांना रजा मागायला काय होतं?

तू आणखी कुठे तक्रार करू नकोस. मला त्रास होतो, एवढंच समज.

चिमी

४ मार्च, बुधवार

दादा,

आज बुधवार. दुपारी भट्टी रिकामी होती. आठ एप्रन खुंटीला तसेच टांगलेले आहेत, धुऊन इस्त्री केलेले. भोंग्याच्या एप्रनवरचा कोकोचा डाग काही गेला नाही.

तीन वाजता दार वाजलं. मला वाटलं मुलं विसरून आली. बघते तर मोजपट्टी आणि तिची आई. आई शिवणकाम करते, गळ्यात टेप तसाच होता. मुलीला पुढे ढकलून म्हणाली, "बोल."

मुलगी म्हणाली, "मावशी, माझ्याकडून चुकून झालं. मला माफ करा."

आई म्हणाली, "दोन आठवडे नाही नाही म्हणत होती हो. सगळ्यांनी समजावलं. मी, हिचे बाबा, शाळेतल्या बाई. म्हटलं, मावशी एवढ्या चांगल्या, त्या कशाला खोटं बोलतील? शेवटी परवा कबूल झाली. आता मोकळं वाटेल तिला."

माझ्या हातात पिठाची चाळणी होती. मी ती हलवतच राहिले, आत पीठ नसताना.

मुलगी म्हणाली, "मला आधी आठवतच नव्हतं. आता थोडं थोडं आठवतंय."

मी म्हटलं, "जाऊ दे गं." अप्पांचेच शब्द तोंडात आले. मग मी बरणीतून बिस्कीट काढून तिच्यापुढे धरलं. ती दोन पावलं मागे सरली.

दादा, त्या दिवशी मी फार लांब नव्हते. पलीकडच्या आजी वगैरे मी लिहिलं होतं, पण तसं मी अप्पांपाशीच होते. हाताच्या अंतरावर. मला थांबवता आलं असतं. एवढं तुला सांगून ठेवते.

अप्पा आता डोळे उघडत नाहीत. दोन दिवस की चार दिवस, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, पण मुलगा असेल तर बोलावून घ्या म्हणाले. माझ्यावरचा राग नंतर काढ. तो कुठे जात नाही, मीही कुठे जात नाही. ते चाललेत.

तुझी चिमी

१७ मार्च, मंगळवार

दादा,

पोचल्याचा वहिनीचा निरोप मिळाला. बरं झालं. तुझा मफलर इथेच राहिलाय, पार्सलने पाठवते.

तू आलास तेव्हा अप्पांना शुद्ध नव्हती, पण तू त्यांचा हात धरून दोन दिवस बसलास, ते त्यांना कळलं असणार असं मी धरून चालले आहे. अंत्यविधीला तू माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलास. लहानपणी मला कुत्रं चावलं होतं तेव्हाही तू असाच उभा होतास. नंतर चार दिवस आपण एका टेबलावर जेवलो, एकमेकांच्या ताटातलं उचलून खाल्लं. तू भट्टीची डावी बाजू अजून तापट आहे का विचारलंस. मला किती बरं वाटलं, ते मी तुला सांगितलं नाही. तुझ्या डोक्यात हवा गेली असती.

गुरुवारी घर माणसांनी भरलं होतं तेव्हा ती मुलगी आईबरोबर आली. पांढरा फ्रॉक, केस चापून बसवलेले. सरळ तुझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मीच ती." तू उठलास, तिच्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "जाऊ दे बाळा, चुकून झालं तुझ्याकडून. मी माफ केलं तुला. आता मनातून काढून टाक." तुझे डोळे भरले होते. तिची आई रडली, शेजारच्या काकू रडल्या. माणूस असावा तर असा, असं दोघातिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मी तिथून पुढे येईना म्हणून तू माझ्याकडे पाहिलंस. बहिणीला भरून आलं, असं वाटलं असेल तुला.

स्टेशनवर तुला काहीतरी सांगायचं होतं. तू पाण्याची बाटली आणायला गेलास, परत आलास, आणि मी म्हटलं, डबा नीट ठेव, कलंडेल. गाडी हलली.

तुझी चिमी

६ एप्रिल, सोमवार

दादा,

ते बिस्कीट मी दिलं.

तीन आठवडे मी हे पत्र दुसऱ्याच कुठल्या तरी वाक्याने सुरू करायला बघत होते. जमलं नाही.

आता झालं तसं लिहिते. त्या दिवशी बिस्किटं झकास झाली होती. कडा सोनेरी, मध्ये फिकी, अप्पांना हवी तशी. मी पहिल्या ट्रेमधलं एक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कानाशी नेऊन मोडलं. एरवी ते तुकडे माझ्या तळहातावर टाकायचे. त्या दिवशी अर्धा त्यांनी हातातच धरून ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. आपले अप्पा, दादा, ज्यांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही.

मुलगी माझ्या शेजारी होती, हातात पिशव्यांची टोपली. ती म्हणाली, "मावशी, पिवळी चिठ्ठी आहे."

मी म्हटलं, "माहितीये गं. मी मुलगी आहे त्यांची."

तिने माझी बाही धरली. मी बोटं हळूच सोडवली. मग तो तुकडा अप्पांच्या तोंडात घातला. त्यांनी डोळे मिटले, उजव्या बाजूने हळूहळू चावलं आणि गिळलं. काही झालं नाही. गिळून ते म्हणाले, "जाऊ दे." स्पष्ट नाही, जीभ जड होती, पण मी चाळीस वर्षं ऐकलेले शब्द मला कळणार नाहीत का? दोन वर्षांत ते एक शब्द बोलले नव्हते. मी वेडी झाले आनंदाने. त्या मुलीला म्हटलं, "ऐकलंस? ऐकलंस?" आणि राहिलेला अर्धा तुकडाही दिला.

ठसका दुसऱ्या तुकड्याने लागला. पहिल्यावर थांबले असते तर आज ते असते, आणि ते बोलले हे मी तुला अभिमानाने कळवलं असतं. खरं सांगू? दुसरा तुकडा देताना माझ्या मनात तूच होतास. मनात तुला लिहायलाही घेतलं होतं, की बघ, ज्यांना मी अडगळीत टाकलं म्हणालास ते माझ्या हातचं खातात, बोलतात. मला तुझ्यावर मात करायची होती. अप्पांची भूक राहिली बाजूला.

आणि नंतर तुला खरं लिहायची मला भीती वाटली. तू म्हणाला असतास, आधी टाकलंस, मग मारलंस. हे ऐकण्यापेक्षा मी एका अकरा वर्षांच्या मुलीला पुढे केलं. मला वाटलं, ही गोष्ट तुझ्या-माझ्यात राहील, पाकिटात. ती शाळेपर्यंत जाईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ती गेली तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत ती मुलगी खरं बोलत होती आणि मी तिला प्रेमाने खोटं पाडलं. रागावून पाडलं असतं तर निदान कोणाला संशय तरी आला असता.

मला माफ कर असं म्हणत नाही. तू एकच कर. शाळेला आणि त्या मुलीला पत्र लिही, की माझ्या बहिणीने खोटं सांगितलं होतं. तुझा शब्द तिथे चालतो. माझा किती चालतो ते मी उद्यापासून बघणारच आहे.

चिमी

१९ एप्रिल, रविवार

दादा,

तुझं उत्तर आलं. पाच शब्द. "यापुढे मला पत्र पाठवू नकोस." हे शेवटचं, आणि यात माझ्यासाठी काही मागत नाही.

मी आधी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचे वडील गेले, तुम्ही मनाला लावून घेतलंय. असं होतं." मी म्हटलं, "मी खोटं बोलले होते हो, मुलगी खरं सांगत होती." ते म्हणाले, "प्रकरण मिटलंय बाई. तिच्या आईने लिहून दिलंय. तुमच्या भावाने एवढ्या मोठ्या मनाने सगळं संपवलं, आता पुन्हा उकरायचं कशाला? मुलीचंच नुकसान." मी ते लेखी देते म्हटलं. त्यांनी कागद घेतला आणि पेपरवेटखाली ठेवला. तो तिथून कुठेही जाणार नाही.

जिन्यात बाई भेटल्या. त्यांना म्हटलं, "तुम्हाला कळलं होतं ना?" त्या म्हणाल्या, "वाटलं होतं. पण तुम्ही इतकं शांतपणे बोललात." मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मुलांना झाडं लावायला नेणार आहोत. झाडांना काही खायला घालावं लागत नाही." ही थट्टा नव्हती.

मग काल मी मोजपट्टीच्या घरी गेले. तिसरा मजला, दोन खोल्या. एका खोलीत शिलाई मशीन, दुसरीत बाकी सगळं. आई मशीनवर होती. मुलगी ओट्यापाशी उभी राहून धाकट्या भावासाठी पाव दुधात कुस्करत होती. भाऊ चांगला सहा वर्षांचा घोडा, सगळे दात असलेला. तो म्हणत होता, "मला असा नको, मला टोस्ट पाहिजे." आई मशीन न थांबवता म्हणाली, "खा बाबा मुकाट्याने. कोरडं ती कोणालाच खाऊ देत नाही. मलाही नाही." आणि माझ्याकडे बघून हसली, पोरांची खुळं सांगताना हसतात तसं.

मी जमिनीवरच बसले, त्या मुलीच्या समोर. म्हटलं, "बिस्कीट तू दिलं नव्हतंस. मी दिलं होतं. तू मला अडवलंस. माझी बाही धरलीस. मग मी सगळ्यांना खोटं सांगितलं, कारण मी घाबरले होते. तू बरोबर होतीस, पहिल्यापासून." घरून पाठ करून गेले होते, दादा. अडखळू नये म्हणून.

मशीन थांबलं.

मुलीने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "नाही मावशी. मीच दिलं. मला आठवतं."

"तुला सगळ्यांनी सांगून सांगून तसं वाटायला लागलंय गं."

"मला नीट आठवतं. उजव्या हाताने दिलं. आधी अर्धा दिला, आजोबा काहीतरी बोलले, मग दुसरा अर्धा दिला. बोटांना साखर लागली होती. मी ती फ्रॉकला पुसली."

अर्धा आणि मग अर्धा. सगळं बरोबर सांगत होती, एका चमच्याचीही चूक नाही. फक्त तो हात माझा होता. ती साखर माझ्या बोटांना लागली होती आणि मी ती माझ्या एप्रनला पुसली होती. मी तिला तसं सांगितलं. माझा हात पुढे करून दाखवला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि माझ्या वयाच्या बाईने लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली, "मावशी, तुम्ही चांगल्या आहात. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही असं म्हणताय. आईपण आधी म्हणायची, तू नसशील दिलं. पण खरं बोलायला पाहिजे."

मी तिला शपथ घेऊन सांगितलं. अप्पांची घेतली. मी रडले, तेही केलं. आई मध्ये येऊन म्हणाली, "बाई, पुरे. आत्ता कुठे ती झोपायला लागलीये. तुम्ही परत येऊ नका."

मी उठले. चपला घालत होते तेव्हा मुलगी दारापर्यंत आली. ती रडत नव्हती. बेकरीत कृती समजून घेताना विचारायची तसंच तिने विचारलं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून.

"मावशी, मी दिलंच नसतं, तर मग त्या काकांनी मला माफ कशाबद्दल केलं?"

याचं उत्तर तुझ्याकडेच मागावं लागेल तिला. तिचा पत्ता या कागदाच्या मागे लिहिला आहे. तू लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी लिहिला आहे.

चिमी